उघड्या दाराचे दान : मुंबईचा काळा घोडा परिसर आणि तेथील कलामहोत्सव

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कापडाचा व्यापारी. शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु महोत्सव समितीच्या बैठकीत सांस्कृतिक कार्यक्रमासाठी प्रवेशिका काढाव्यात की सर्वांना मुक्त प्रवेश द्यावा, यावर जी दीर्घ चर्चा झाली तीत मी मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाचे उदाहरण दिले होते. काही सभासदांनी विचारले, "आपल्या मंदिराच्या अंगणाचा आणि मुंबईतल्या त्या जत्रेचा संबंध काय?" त्या वेळी वेळेअभावी नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर होय.

नाव आहे, घोडा नाही

वडिलांबरोबर खरेदीसाठी मी प्रथम मुंबईस गेलो तेव्हा नुकताच महाविद्यालयात दाखल झालो होतो. सकाळी मुळजी जेठा मार्केटमध्ये तागे पाहायचे, दुपारी दलालाकडे हिशेब करायचा आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे, असा वडिलांचा नेम असे. एके दिवशी काम लवकर संपले म्हणून त्यांनी मला म्युझियम दाखविण्यास नेले. बसच्या वाहकाने "काळा घोडा" असा पुकारा केला. आम्ही उतरलो. मी चहूकडे पाहिले. घोडा कोठेच नव्हता. मोटारी उभ्या करण्याचा एक विस्तीर्ण तळ मात्र होता.

या नावामागची हकिकत पुढे कळली. इंग्लंडचे युवराज, जे पुढे सातवे एडवर्ड म्हणून गादीवर आले, ते १८७५-७६ साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. त्या भेटीच्या स्मरणार्थ सर आल्बर्ट ससून यांनी शिल्पकार बोएम यांच्याकडून युवराजांचा अश्वारूढ पुतळा घडवून घेतला व १८७९ साली तो येथे उभा राहिला. लोकांनी राजपुत्राचे नाव घेतले नाही, त्याच्या घोड्याचे घेतले. काळ्या रंगाच्या त्या घोड्यावरून साऱ्या परिसराला 'काळा घोडा' म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर, १९६५ साली, पुतळा तेथून हलविण्यात आला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. पुतळा गेला, नाव राहिले. २०१७ साली त्याच परिसरात पुन्हा एक काळा घोडा उभारण्यात आला आहे. त्याच्या पाठीवर मात्र कोणी स्वार नाही.

कापसाने उभारलेले नगर

या भागाचा इतिहास आम्हा कापडवाल्यांना विशेष जवळचा वाटावा असा आहे, कारण त्याचा पाया कापसाने घातला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडील राज्यांतून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला. गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. चार वर्षे मुंबईवर पैशाचा पाऊस पडला. याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली व मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या शहराची आखणी झाली. आजही येथील एका रस्त्याला जुने लोक 'रॅम्पार्ट रो' म्हणतात. तट जेथे होता तेथला तो रस्ता. अधिकृत नाव के. दुभाष मार्ग.

सर्व शहर सट्ट्यात उतरले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणे देऊ शकेल असा माणूस शोधावा लागला. पेढ्या बुडाल्या, कंपन्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बंद करावी लागली. वाणिज्य शाखेत असताना तेजी-मंदीचे धडे आम्ही पुस्तकातून शिकलो. येथे ते दगडात पाहावयास मिळतात.

कारण आश्चर्य असे की त्या तेजीतील कागदी संपत्तीचा मागमूस उरला नाही, पण जी रक्कम कोणी सार्वजनिक कार्यासाठी हातावेगळी केली होती, ती इमारतींच्या रूपाने आजही उभी आहे.

राजाबाईंचा मनोरा

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद. मूळचे सुरतेचे, जैन कुळातील. कापूस व शेअर बाजारातील त्यांच्या शब्दाला त्या काळी असे वजन होते की त्यांच्या होकारावर कंपन्या निघत. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. त्यानंतर घंटाघरासाठी आणखी २ लाख दिले व त्या मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच इच्छा व्यक्त केली. दुसऱ्याच वर्षी मंदीच्या लाटेत त्यांचे जवळजवळ सर्वस्व गेले. विद्यापीठाकडे सुपूर्त केलेली रक्कम मात्र सुरक्षित राहिली. १ मार्च १८६९ रोजी बांधकामास आरंभ झाला आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः हिंदुस्थानात कधी आले नाहीत. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील विविध जातिजमातींच्या २४ मूर्ती आहेत. त्या घडविण्याचे काम रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्याकडील अभियंत्याने केले.

असे सांगतात की राजाबाईंना दृष्टी नव्हती व त्या रात्रिभोजनत्यागाचे व्रत कटाक्षाने पाळीत. घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना सूर्यास्तापूर्वीची वेळ कळावी, हा पुत्राचा हेतू होता. कथा जनश्रुतीतील आहे. तरीही एका श्राविकेच्या व्रतासाठी वाजणारी घंटा शहरातील प्रत्येकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, वेळ सांगू लागली, हे तर खरेच. व्रत एका घरचे, लाभ सर्वांचा.

प्रेमचंद शेठ एकटे नव्हते. काळा घोड्यापासून पाच-दहा मिनिटांच्या पायवाटेत असे किती दाते भेटतात! बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी टांकसाळ व सरकारी गोदीतील कारागिरांनी १८४७ साली काढलेल्या संस्थेच्या वाचनालयासाठी ६० हजार रुपये दिले. त्यांच्या नावाची ती पिवळसर दगडाची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. विद्यापीठाचे पदवीदान सभागृह पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून १८७४ साली उभे राहिले. त्याच घराण्यातील पुढच्या सर कावसजींनी दिलेल्या देणगीतून १९५२ साली जहांगीर कलादालन निघाले. नामवंत चित्रकाराचे प्रदर्शन असो वा नवख्याचे, तेथे आजही प्रवेशमूल्य नाही. काही अंतरावर, किल्ल्याच्या उत्तर भागात, एक देखणे कारंजे आहे. कापसाचे व्यापारी रतनशी मुळजी जेठा यांनी आपल्या एकुलत्या एका, अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ते १८९४ साली बांधविले. आराखडा बोरीबंदर स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांचा. ज्या घराण्याच्या नावाच्या बाजारात आमच्या तीन पिढ्यांनी माल घेतला, त्या घराण्याचे दुःख असे वाटसरूंच्या पाण्यासाठी मोकळे झाले होते, हे मला फार उशिरा कळले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. ही सारी संपत्ती निर्मळ नव्हती. ससून घराण्याच्या वैभवात चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. कापसाच्या तेजीमागे परक्या देशातील रक्तपात होता आणि सट्ट्याने कित्येक घरे उद्ध्वस्त केली. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे ३५ गुण सांगताना न्यायाने मिळविलेले धन हा पहिला गुण सांगितला आहे. त्या कसोटीवर यांतील कितीजण उतरतील, हे सांगणे कठीण. दानाने मिळकतीचा दोष धुऊन निघतो, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की जे धन दाराआड राहिले ते नाहीसे झाले आणि ज्याचे दार लोकांसाठी उघडले ते टिकले.

रस्ता हाच मंडप

दीडशे वर्षांपूर्वीच्या या ठेव्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. दगड काळवंडले होते, पदपथ मोडले होते, मोटारींच्या गर्दीत इमारतींकडे मान वर करून पाहणारा उरला नव्हता. १८९६ साली ७ जुलै रोजी ज्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, त्या लोखंडी सांगाड्याच्या इमारतीची दुरवस्था तर डोळ्यांना खुपत होती. त्या पहिल्या खेळाचा दर माणशी एक रुपया होता. त्या काळी एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. आत काय चालले आहे हे रस्त्यावरच्या माणसाला कळण्याचा मार्गच नव्हता.

१९९८ साली काळा घोडा असोसिएशन ही संस्था स्थापन झाली व १९९९ साली तिने पहिला कलामहोत्सव भरविला. कल्पना साधी होती. इमारती वाचवायच्या तर प्रथम लोकांनी त्या आपल्या मानल्या पाहिजेत. आणि आपल्या मानाव्यात, तर लोकांना तेथे बोलाविले पाहिजे. वर्षातून नऊ दिवस, सर्वसाधारणपणे फेब्रुवारीच्या प्रारंभी, रस्ता वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन केला जातो. संगीत, नृत्य, नाटक, साहित्य, चित्रपट, चित्र-शिल्प, मुलांच्या कार्यशाळा, कारागिरांची दुकाने आणि जाणकारांच्या सोबतीने इमारती पाहत केलेल्या वारसाफेऱ्या, असा त्याचा विस्तार आहे. वाचनालयाच्या बागेत लेखक बोलतात, कलादालनासमोरच्या पदपथावर चित्रकार बसतात. कार्यक्रमांना तिकीट नसते. कोविडच्या साथीमुळे २०२१ व २०२२ साली रस्त्यावरचा उत्सव होऊ शकला नाही. २०२३ साली तो पुन्हा भरला.

मी तेथे प्रथम गेलो तो योगायोगाने, २००४ सालच्या फेब्रुवारीत. हंगामाची खरेदी आटोपून पायी निघालो होतो. दुरून तबल्याचा आवाज आला. रस्त्यावर मंच, समोर माणसे. सवयीने मी एका स्वयंसेवक मुलीला विचारले, "तिकीट कोठे मिळते?" ती म्हणाली, "तिकीट नाही, काका. या, पुढे जागा आहे, बसा." माझ्या एका बाजूला सुटाबुटातील गृहस्थ होते, दुसऱ्या बाजूला पाटी शेजारी ठेवून बसलेला हमाल. दोघेही एकाच लयीत मान डोलावीत होते. ते शब्द ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात मान खाली गेली. त्याचे कारण पुढे सांगतो.

विनामूल्य म्हणजे काय?

प्रथम व्यापाऱ्याचा प्रश्न. तिकीट नाही, मग खर्च कोण करतो? फुकट असे जगात काही नसते. घेणाऱ्याने दिले नसेल, तर दुसऱ्या कोणी तरी दिलेले असते. हा महोत्सव प्रायोजकांच्या देणग्या आणि कार्यकर्त्यांचे विनावेतन श्रम यांवर चालतो. त्यातून उभ्या राहणाऱ्या निधीचा विनियोग परिसराच्या जतनासाठी व्हावा, हा संस्थेचा उद्देश आहे. वर उल्लेखिलेल्या मुळजी जेठा कारंज्याचे जीर्णोद्धाराचे काम या संस्थेच्या पुढाकाराने झाले व २०१८ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. त्याच वर्षी राजाबाई मनोरा व विद्यापीठ ग्रंथालयाच्या जतनकार्याचीही तेथे दखल घेतली गेली. आणि त्याच २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

दोषही आहेत. गर्दी अशी होते की म्हाताऱ्या माणसाने सायंकाळी जाऊ नये. प्रायोजकांच्या फलकांनी कधी कधी इमारतीच झाकल्या जातात. पुष्कळजण केवळ छायाचित्रे काढून परततात. हे सर्व मान्य करूनही मी म्हणतो की जमाखर्चात जमेची बाजू मोठी आहे. २०२३ साली मी नातीला घेऊन गेलो. तिने मनोऱ्याकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, हे कुणाचं?" मी प्रेमचंद शेठांचे नाव सांगणार होतो. मग म्हणालो, "आपलं."

म्युझियमच्या बाबतीतही हाच अनुभव. तेथे श्रवणबेळगोळहून आलेली भगवान बाहुबलींची एक जुनी कांस्यमूर्ती आहे. सुमारे नवव्या शतकातील. अंगावर वेली चढल्या आहेत, मुद्रा निश्चल. आपण मंदिरात जाऊन मस्तक नमवितो. तेथे मात्र ज्यांना बाहुबली हे नावही ठाऊक नाही, असे लोक त्या मूर्तीपुढे मुकाट्याने उभे राहिलेले मी पाहिले आहेत. म्युझियमला प्रवेशमूल्य आहे, हे खरे, परंतु प्रवेशाला जातधर्म नाही. आपली मूर्ती दुसऱ्याने पाहिल्याने तिचे तेज कमी झाले नाही.

आपल्या अंगणाचे दार

आता मान खाली का गेली, ते सांगतो. आपला ट्रस्ट भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी, १९७४-७५ मध्ये, स्थापन झाला, हे आपणांस विदित आहेच. पंचवीस वर्षांनी आपण रौप्यमहोत्सव साजरा केला. त्या वेळी मी खजिनदार होतो. भक्तिसंगीताच्या कार्यक्रमासाठी प्रवेशिका छापाव्यात, हा आग्रह माझाच. गर्दी आवरेल, पाहुण्यांची व्यवस्था नीट होईल, असा माझा युक्तिवाद होता आणि हिशेबाच्या दृष्टीने तो बरोबरही होता.

त्या सायंकाळी प्रवेशद्वारापाशी मी स्वतः बसलो होतो. एक वयस्क गृहस्थ नातवाचे बोट धरून आले. धुतलेले धोतर, डोक्यावर टोपी. मी प्रवेशिका मागितली. त्यांच्याकडे नव्हती. मी म्हणालो, "मग आज नाही जमायचं, बाबा." त्यांनी हात जोडले व वळले. ते चार पावले गेल्यावर मला ओळख पटली. आपल्या अंगणाच्या ज्या सागवानी दारापाशी मी बसलो होतो, ते दार ज्यांनी घडविले ते हे मिस्त्री. चार महिने उन्हात बसून त्यांनी त्यावर कमळे व कलश कोरले होते. मी उठलो, पण मागून पाहुण्यांची मोटार आली आणि मी तिकडे वळलो. पुढे दोन वर्षांनी ते वारले. त्यांच्या घरी जाण्याचे माझ्याकडून राहून गेले ते राहूनच गेले.

काळा घोड्यावर "तिकीट नाही, काका" हे शब्द ऐकले तेव्हा मला ते दार आठवले.

आपल्या शास्त्रांत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. उत्सव यांत कोठे बसतो, यावर विद्वानांनी विचार करावा. माझ्या अल्पमतीला असे वाटते की आपली कला व आपला इतिहास दुसऱ्याला मोकळेपणाने दाखविणे हे ज्ञानदानच आहे, आणि आत येणाऱ्याला 'मला कोणी हटकणार नाही' असे वाटणे, यात अभयाचा अंश आहे. आपल्या मंदिराचे शिखर कोणी रचले? दगड कोणत्या खाणीतून आला? दार कोणी कोरले? पालखीपुढे वाजविणारे कोण? यांतील बहुतेक हात आपल्या समाजाबाहेरचे आहेत. वारसा आपला म्हणतो तेव्हा त्या हातांचाही त्यात वाटा असतो.

सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमासाठी या वेळी प्रवेशिका छापलेल्या नाहीत. निर्णय एकमताने झाला नाही, हेही येथे लिहून ठेवतो. ज्या बंधूंनी विरोध केला त्यांची चिंता खोटी नाही. मंदिराचे पावित्र्य राखले पाहिजे, स्वच्छता राहिली पाहिजे, शिस्त हवी. त्यासाठी स्वयंसेवक अधिक लागतील आणि खर्चही वाढेल. गाभाऱ्याचे नियम गाभाऱ्यापाशी तसेच राहतील. मोकळे करावयाचे आहे ते अंगण. जुन्या हस्तलिखितांचे व छायाचित्रांचे प्रदर्शन, भक्तिसंगीत आणि मुलांची चित्रकला स्पर्धा ही सर्व गावासाठी आहेत. मिस्त्रींच्या त्या नातवाला, जो आता स्वतः दोन मुलांचा बाप आहे, निमंत्रण देण्यास मी स्वतः जाऊन आलो. येतो म्हणाला आहे.

प्रेमचंद शेठांची तेजी चार वर्षे टिकली, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचे टोल आजही शहर ऐकते. पन्नास वर्षांचा आपला ट्रस्ट पुढील पन्नास वर्षांत किती इमारती बांधील, हे मला ठाऊक नाही. जेवढ्या बांधील, तेवढ्यांची दारे उघडी असावीत, एवढीच प्रार्थना.